याचा उपयोग काय?

माझं शिक्षण दहावीपर्यंत. शाळेत काय शिकवावं आणि काय नको, यावर मी लिहावं हे काहींना आगाऊपणाचं वाटेल. पण माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती शिक्षणाच्याच बाबतीत आहे. म्हणून हे लिहायचं धाडस करतो.

२०२३ च्या मार्चमध्ये ज्वारीची रास घरात आली आणि मी अन् आमची मंडळी मोठ्या मुलाकडं ऑस्ट्रेलियाला गेलो. तो मेलबर्नला असतो. पेरणीच्या आत परत येतो, असं धाकट्याला सांगून निघालो होतो. तिथं मुलगा आणि सूनबाई सकाळीच कामाला जायची. त्यामुळं नातीला शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. दहा मिनिटांची वाट. माझा गुडघा धरायचा, ती पुढं पळायची, मी मागून हळूहळू जायचो.

नात दुसरीत. तिच्या आठवड्याचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. कुठल्या दिवशी दप्तरात काय न्यायचं, ते त्यावर. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून तीच वाचून दाखवायची. सोमवारी आर्ट, त्या दिवशी बाबाचा जुना शर्ट न्यायचा आणि तो मागचा भाग पुढं करून घालायचा, म्हणजे रंग कपड्यांना लागत नाही. मंगळवारी खेळ. बुधवारी इटालियन. गुरुवारी म्युझिक.

“इटालियन म्हणजे काय गं?”

“भाषा आहे आजोबा. इटलीची.”

मी गप्प बसलो, पण मनात काही ते बसेना. या पोरीला ‘ळ’ म्हणता येत नाही. बाळाला ‘बाल’ म्हणते, केळाला ‘केला’. इंग्रजी मुलखात राहणारी आमची मराठी पोर तिसऱ्याच देशाची भाषा कशाला शिकते?

पुढं मला तिथली रीत कळली. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारखेच तिथंही प्राथमिकच्या वर्गाला एक वर्गशिक्षक असतात. वाचन, लेखन, गणित ते घेतात. पण चित्रकला, संगीत, खेळ आणि परकी भाषा यांना वेगळे शिक्षक असतात, ज्यांचा तोच एक विषय. आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्ग त्यांच्याकडं जातो, तासभर. चित्रकलेला तर वेगळी खोलीच असते. त्या तासाला वर्गशिक्षकांना पुढच्या पाठाची तयारी करायला वेळ मिळतो. म्हणजे एका तासात दोन कामं होतात. ही सोय मला आवडली. शेतात पाण्याची पाळी देताना दुसऱ्या वाफ्यात खुरपणी चालू ठेवावी, तसं.

एका रात्री जेवताना मुलगा म्हणाला, “अण्णा, आठवड्याचे चार तास यातच जातात. इटालियन शिकून ही काय करणार? याचा उपयोग काय? तेवढ्या वेळात गणित घेतलं असतं तर पुढं कामाला आलं असतं.” शनिवारी सकाळी तो तिला गणिताच्या शिकवणीला नेतच होता.

माझा घास हातातच राहिला. हे वाक्य माझं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मी ते घरात बोललो होतो. कुणाला बोललो होतो, ते पुढं सांगतो.

आधी इटालियनचं सांगतो, कारण त्याचं उत्तर मला रस्त्यात सापडलं. शाळेच्या वाटेवर एक बैठं घर होतं. बाकीच्या घरांपुढं हिरवळ आणि फुलं. या घरापुढं टोमॅटो. काठ्या रोवून, सुतळीनं नीट बांधणी केलेले. कडेला अंजिराचं झाड. मी रोज तिथं पाय थांबवायचो. परदेशात जाऊन महिना होत आला होता आणि शेतकऱ्याचा हात फिरलेली जमीन मला पहिल्यांदा दिसत होती. आत एक म्हातारा असायचा, ऐंशी पार केलेला. आम्ही एकमेकांना मान हलवायचो, बस. त्याला मराठी येत नाही, मला इंग्रजी जेमतेम.

एके दिवशी नात म्हणाली, “हे आजोबा इटालियन आहेत.” आणि तिनं कुंपणावरून मोठ्यानं हाक दिली, “बुऑन्जोर्नो!” म्हणजे नमस्कार.

म्हातारा वाकला होता तो सरळ झाला. त्यानं तिला काहीतरी विचारलं. तिला ते कळलं नाही. मग तिनं येत होतं तेवढं म्हणून दाखवलं, एक ते दहा आकडे आणि टोमॅटोकडं बोट करून “रोस्सो”, पानाकडं बोट करून “वेर्दे”. लाल आणि हिरवा. म्हातारा हसला आणि त्यानं फाटक उघडलं.

त्या दिवशी मी त्याच्या रानात, म्हणजे अंगणात, अर्धा तास होतो. टोमॅटोला त्यांच्या भाषेत पोमोदोरो म्हणतात, सोन्याचं सफरचंद असा त्याचा मूळ अर्थ, हे नातीनं मला सांगितलं. तिला ते तिच्या बाईंनी सांगितलेलं. म्हाताऱ्यानं झाडाची बगलफूट चिमटीनं खुडून दाखवली. मी दुसऱ्या झाडाची खुडली. त्यानं माझ्या अंगठ्याकडं पाहिलं आणि ओळखलं. शेतकऱ्याचा अंगठा लपत नाही.

मग रोजच थांबणं होऊ लागलं. तो नातीशी इंग्रजीत बोलायचा, ती मोडक्या मराठीत मला सांगायची. तो तरुणपणी बोटीनं आला होता. मर्टलफर्ड नावाच्या गावाकडं त्यानं कितीतरी वर्षं तंबाखू केला. त्या खोऱ्यात इटलीहून आलेले पुष्कळ लोक तंबाखू करायचे. २००६ साली तिथला तंबाखू कायमचा बंद झाला. माझ्या मुलानं मला पुढची माहिती काढून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून माणसांची रीघ लागली होती. १९५१ साली दोन्ही सरकारांत तसा करार झाला. कुणी ऊस तोडायला गेलं, कुणी स्नोई डोंगरातल्या धरणांच्या कामावर गेलं. १९७१ च्या शिरगणतीत इटलीत जन्मलेली जवळजवळ २ लाख ९० हजार माणसं ऑस्ट्रेलियात होती.

म्हातारा सांगायचा, त्याच्या पोरांना शाळेत त्यांच्या डब्यावरून चिडवायचे. पोरं बापाला म्हणायची, शाळेच्या फाटकाशी आमच्याशी आपल्या भाषेत बोलू नका. पोरांनी भाषा सोडली ती सोडलीच. नातवंडांना तर एक अक्षर येत नाही. आणि आता त्याच देशाच्या शाळेत, भर तासाला, पगारी बाई येऊन सगळ्या जातीधर्माच्या पोरांना ती भाषा शिकवतात. व्हिक्टोरिया राज्यातल्या कितीतरी प्राथमिक शाळांत इटालियन आहे. ज्या भाषेची लाज वाटायची तिला वर्गात पाट मिळाला.

आता हिशेबानं बघा. माझ्या नातीला आलेल्या वीस-पंचवीस शब्दांचा म्हाताऱ्याला काय उपयोग? त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. तिचं त्याच्यावाचून अडत नव्हतं, त्याचं तिच्यावाचून नाही. व्यवहाराचं एक काम त्या शब्दांनी झालं नाही. तरी महिनाभर बंद असलेलं फाटक त्यांनीच उघडलं. मराठी का नाही शिकवत, हा माझा राग तिथंच निवळला. एका परक्या भाषेचा मान ठेवायला शिकलेलं पोर उद्या आपल्या आजोबाच्या भाषेलाही हसणार नाही. ‘ळ’ शिकवायचं काम मात्र आमचं आहे, तिथल्या सरकारचं नाही.

हा झाला दुसऱ्याचा हिशेब. आता माझा सांगतो.

माझा धाकटा मुलगा चित्रं चांगली काढायचा. कुणी शिकवलं नव्हतं. पाटीवर बैल काढला तर कुणाचा बैल आहे ते ओळखू यायचं. शेजारच्या मोठ्या गावात हायस्कूल होतं आणि तिथं चित्रकलेचे सर होते. आठवीत त्यांनी त्याला एलिमेंटरीला बसवलं, तो पास झाला. नववीत इंटरमिजिएट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या दोन परीक्षा आपल्या राज्याचं कला संचालनालय घेतं. मांडून ठेवलेल्या वस्तू बघून काढायच्या ते वस्तुचित्र, आठवून काढायचं ते स्मरणचित्र, त्याशिवाय नक्षी, भूमिती, अक्षरलेखन. परीक्षा पावसाळ्याच्या शेवटाला असते. केंद्र तालुक्याला.

२००४ चं साल होतं. सोयाबीन काढून शिवारात पडलेलं. परतीच्या पावसाचे ढग रोज दुपारी जमायचे. सोयाबीन एकदा भिजलं की दाणा काळा पडतो, भाव जातो. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पोरगं म्हणालं, “अण्णा, उद्या अन् परवा पेपर हायेत.”

मी म्हणलं, “गंज कोण लावायची? चित्रं काढून काय पोट भरतंय का? याचा उपयोग काय?”

तो काही बोलला नाही. इस्त्री करून ठेवलेला शर्ट त्यानं घडी घालून पेटीत ठेवला आणि सकाळी माझ्यासंगं शेतात आला. दोन दिवस राबला. तिसऱ्या दिवशी सर गाडीवर घरी आले. पोर का आलं नाही विचारलं. मी त्यांनाही तेच ऐकवलं. ते चहा न घेता गेले.

पाऊस त्या दोन दिवसांत आला नाही. आला असता तरी माझं चुकलंच होतं, हे कळायला मला मेलबर्नच्या जेवणाच्या टेबलापर्यंत जावं लागलं. कारण त्याच आठवड्यात मी मोठ्याची लातूरची खोली आणि शिकवणीचे पैसे भरले होते. तो बारावी सायन्सला होता. चार बायका दोन दिवस रोजानं लावल्या असत्या तर गंज लागली असती. तेवढे पैसे घरात होते. पण ते मोठ्यासाठी होते, कारण त्याच्या शिकण्याचा उपयोग होता. धाकट्याच्या शिकण्याचा नव्हता. मी दोन्ही पोरांना तराजूत घातलं आणि एकाचं पारडं मीच वर उचलून धरलं.

धाकट्याच्या पोस्टर कलरच्या बाटल्या फडताळात पडून वाळल्या, त्यांचे खडे झाले. त्यानं नंतर दहावी केली, बारावी केली आणि शेतीला लागला. आज सगळी शेती तोच बघतो, माझ्यापेक्षा चांगली बघतो. त्या दोन दिवसांचा शब्द त्यानं कधी काढला नाही.

मेलबर्नला मोठ्याला मी एका रात्री हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अण्णा, तुम्ही मला चित्रं काढायला सोडलं असतं तर मी इथं आलो असतो का?”

त्याचं खोटं नाही. मी म्हणलं, “तू आलास ते चांगलं झालं. पण तू यावास म्हणून त्यानं का थांबावं, एवढं मला सांग.”

त्याला सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

आता कुणी म्हणेल, गरिबानं उपयोग बघू नये तर काय करावं? चित्रकला, संगीत, इटालियन ही पोट भरलेल्या देशाची थेरं आहेत. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. बारा वर्षांचा होतो. सरकारनं काढलेल्या कामावर आई-बाप खडी फोडायला जायचे. सुट्टीच्या दिवशी मीही जायचो. अमेरिकेचा लाल मिलो खायचो, कामावर सुकडी मिळायची. तेव्हा कुणी येऊन मला चित्रं काढ म्हणालं असतं तर बापानं त्याला हाकलून दिलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

पण त्याच वर्षीची एक गोष्ट मला मेलबर्नमध्ये आठवली. दिवाळी जवळ आलेली. खडी फोडता फोडता आईला शिरगोळे सापडायचे. शिरगोळा म्हणजे रांगोळीचा पांढरा दगड. ती ते पदरात बांधून घरी आणायची आणि रात्री कुटायची. दिवसभर दगड फोडून हाताला फोड आलेले, घरी येऊन परत दगडच कुटायचा. बाप एकदा चिडून म्हणाला, “पोटाला पीठ न्हाई अन् ही दगडाचं पीठ करतीया. काय उपेग हाय ह्याचा?”

आई म्हणाली, “दिवाळी हाय.”

एवढंच. तिच्याकडं दुसरं उत्तर नव्हतं. त्या वर्षी आमच्या दारात दिवा लावायला तेल पुरेसं नव्हतं, पण उंबऱ्यापुढं ठिपक्यांची रांगोळी होती. मी ती ओलांडून आत जायचो. ते घर दुष्काळातलं घर आहे, असं तेवढ्या दोन पावलांपुरतं वाटायचं नाही.

पालघरकडच्या वारली लोकांचं असंच. पोटभर तांदूळ मिळायची मारामार, तरी लग्नात भिंतीवर तांदळाच्याच पिठानं चौक लिहायचा. तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. त्याच मुलखात बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पोरांसाठी बालवाड्या काढल्या. ताराबाईंनी वाट धरली ती माँटेसरीबाईंची, त्याही इटलीच्याच. पण महागडी साधनं आणायला पैसा कुठला? मग शिंपले, बिया, पानं, काड्या घेऊन त्यांनी पोरांना मोजायला, मांडायला, रंग ओळखायला शिकवलं. पोट भरल्यावर बघू, असं त्या म्हणाल्या नाहीत.

तेव्हा माझ्यापुरता मी असा निवाडा केला. गरज वेगळी आणि धास्ती वेगळी. १९७२ मध्ये माझ्या बापाला गरज होती. २००४ मध्ये मला धास्ती होती. गरजेपुढं माणूस हात टेकतो, त्यात पाप नाही. धास्तीला मात्र गरजेचे कपडे घालून मी पोरापुढं उभं केलं, ते चुकलं. आणि मेलबर्नला माझा मोठा मुलगा, दोन पगार आणि स्वतःचं घर असताना, लेकीचे चार तास मोजतो, तेव्हा तीच धास्ती त्याच्या घरात आलेली असते. ती माझ्याकडूनच त्याच्याकडं गेली. जमिनीचा वाटा द्यायच्या आधी मी त्याला हा वाटा दिला.

उपयोग काय, हा प्रश्न वाईट नाही. शेतकऱ्यानं तो रोज विचारावा. हे खत टाकून काय होणार, ही फवारणी कशाला, विचारलंच पाहिजे. कारण तूर पेरली तर तूरच उगवणार, हे आपल्याला ठाऊक असतं. पोराच्या बाबतीत पेरलंय काय, हेच ठाऊक नसतं. मग कुठल्या वाफ्याला पाणी द्यायचं आणि कुठला कोरडा ठेवायचा, हे आपण कशाच्या जोरावर ठरवतो? आठवड्याच्या एका तासानं कुणी चित्रकार होत नाही, कुणाला इटालियनही येत नाही. पण सगळ्या वाफ्यांना थोडं पाणी लागतं. ज्यात काही असेल ते वर येतं. आणि नाही आलं तरी बिघडत नाही. माझी आई काही मोठी चित्रकार झाली नाही.

मे महिन्यात तिथल्या शाळांचा एक आठवडा असतो, तेव्हा घरच्या माणसांना शाळा बघायला बोलावतात. मी नातीबरोबर चित्रकलेच्या खोलीत गेलो. बुटकी टेबलं, हात धुवायला नळांची रांग, ओली चित्रं वाळवायला जाळीचे कप्पे, माती भाजायची विजेची भट्टी. बाईंनी सगळ्यांपुढं मातीचा एकेक गोळा ठेवला. माझ्याहीपुढं ठेवला. मी लाजलो. पण माती हातात आली आणि पन्नास वर्षांनी बोटं आपली आपण चालायला लागली. पाय, पोळी, वशिंड, शिंगं. पोळ्याचा बैल झाला. पोरं गोळा झाली. पाठीवर हा उंचवटा काय, म्हणून विचारू लागली. नात सांगू लागली, तिलाही नीट माहीत नव्हतं. मग मीच खांद्यावर हात ठेवून जू कसं बसतं ते दाखवलं. बाईंनी बैल भट्टीत भाजायला ठेवून घेतला. त्या अर्ध्या तासात मला एकदाही वाटलं नाही, की याचा उपयोग काय.

घरी येताना विचार करत आलो, की मला हे कुणी शिकवलं? आमची शाळा दोनशिक्षकी. गुरुजी पाढे आणि कविता घ्यायचे, चित्रकलेला माणूस नव्हता. बैल मला कुंभाराच्या आजीनं शिकवला, तिच्या ओसरीवर बसून. गळा भजनी बुवांनी शिकवला. लाकडाची नस सुताराच्या नेटावर बसून कळली. ओव्या जात्यावर. म्हणजे आम्हालाही वेगवेगळ्या विषयांचे वेगवेगळे गुरू होते, फक्त ते शाळेबाहेर बसायचे. त्यांना पगार नव्हता, आणि आम्ही त्यांना गुरू म्हणलंही नाही. त्यांची विद्या घेतली आणि त्यांना ओट्याच्या खाली बसवलं, हेही लिहायला पाहिजे.

आता ती ओसरी गावात नाही. पोळ्याचे बैल बाजारातून येतात, प्लास्टरचे. जातं अंगणात उलटं पडलंय. गावानं जे शिकवायचं ते गाव शिकवत नाही, म्हणून आता ते शाळेनं शिकवायला हवं. आमच्या पोरांच्या प्रगतिपुस्तकात कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असे रकाने आहेत. श्रेणीही मिळते. पण पहिली ते पाचवीला साठपर्यंत पोरं असली तर कायद्यानं दोनच शिक्षक. कला, खेळ आणि कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहेत, पण सहावी ते आठवीला शंभराच्या वर पटसंख्या असेल तरच. खेड्यातल्या लहान शाळेला ते कुठून मिळणार? आणि जिथं इंटरमिजिएटची परीक्षा होते तिथं पोराला बाप आता बसवतो, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात, ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. पोरांचं चित्र काढणं त्यामुळं वाचत असेल तर चांगलंच आहे. पण शेवटी तिथंही उपयोगच दारात उभा आहे.

मृगाच्या आधी आम्ही परत आलो. पहिल्याच आठवड्यात पेरणीची तयारी चालू असताना बांधावर बसून मी धाकट्याला म्हणलं, “नववीत तुझी परीक्षा मी बुडवली. माझं चुकलं.”

तो पाभरीचा दोर बांधत होता. हात थांबले नाहीत. म्हणाला, “आता सांगून काय उपयोग, अण्णा?”

त्याचं बरोबर आहे. काही उपयोग नाही. एकोणीस वर्षांचा कोरडा वाफा शब्दांनी भिजत नाही. तरी सांगायला पाहिजे होतं, म्हणून सांगितलं.

त्याची मुलगी गावातल्या शाळेत तिसरीला आहे. मी गुरुजींना भेटलो. शनिवारी सकाळची शाळा असते, शेवटचा एक तास कुणी पोरांना चित्रं शिकवायला आलं तर चालेल का विचारलं. गुरुजी म्हणाले, आनंदानं या, कागद मी देतो. ते मी धाकट्याला सांगितलं. तू जा म्हणलं. त्यावर तो शनिवारी फवारणी असते म्हणाला. पुढच्या शनिवारी बाजार होता. अजून तो हो म्हणालेला नाही, नाहीही म्हणालेला नाही.

मी विचारायचं सोडणार नाही. एखाद्या दिवशी तो मलाच उलटून विचारेल, अण्णा, याचा उपयोग काय? त्या दिवशी माझ्याकडं उत्तर नसेल. आईकडंही नव्हतं. दिवाळी हाय, एवढंच ती म्हणाली होती.